पालवीत डावं-उजवं

मचवा पनवेलच्या खाडीत शिरतो तेव्हा भरती निम्मी झालेली असते. साल १८३९, महिना चैत्र. डाव्या हाताला बेलापूरचा किल्ला, उजव्या हाताला उलव्याची टेकडी. टेकडी नीट बघून घ्या. पुढे ती कापून सपाट होणार आहे आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला तिथल्या विमानतळाचं उद्घाटन होणार आहे. तुम्ही मात्र आज भरतीच्या भरवशावर आला आहात. या प्रवासात साल हवं तेवढं मागेपुढे करायची मुभा आहे, महिना बदलायची नाही. उतराल तिथे चैत्रच असेल, कारण बघायची आहे ती पालवी आणि तिचा रंग जेमतेम दोन-तीन आठवडे टिकतो.

पनवेलच्या बंदरात पाय ठेवायला जागा नाही. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाल्यापासून मुंबईहून पुण्याला निघालेले बहुतेक लोक इथेच उतरतात. पोती, बैल, पालख्या, टपालाच्या थैल्या. थैल्यांवरून आठवलं, त्या ज्या खात्याच्या आहेत त्याचा डेप्युटी पोस्टमास्टर जनरल जॉन ग्रॅहम पोटापुरता टपालात आहे. जीव सगळा झाडांत. शिवडीला ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेची देखरेख तो करतो, आणि मुंबई व आसपासच्या वनस्पतींची त्याची यादी याच वर्षी छापली जाते आहे. ती पुरी झालेली बघणं काही त्याच्या नशिबात नाही. येत्या मे महिन्यात खंडाळ्याला त्याचा अंत होईल आणि उरलेलं काम जोसेफ निम्मो तडीस नेईल.

तुम्ही पुण्याची वाट सोडा. दक्षिणेला पेणच्या वाटेवर चारेक कोसांवर कर्नाळ्याचा सुळका दिसतो, तिकडे बैलगाडी करा.

डोंगराच्या पायथ्याला जंगल निम्मं उघडंबोडकं आहे. सागाची पानं झडून गेलीत, ऐन खराट्यागत उभे, पायाखाली पाचोळा वाजतोय. आणि मधेच एक झाड असं लाल, की ते फुललंय असं समजून तुम्ही गाडीतून उतरता. जवळ गेल्यावर त्या लाल रंगात फूल एकही नाही. सगळी पानं. 'कोशिंब हाय तो,' गाडीवान मागून सांगतो, आणि तुम्ही एवढं काय बघताय हे न कळून बैलांना पाणी दाखवायला निघून जातो.

एक फांदी खाली ओढा. एका देठावर पानांच्या दोन-तीन जोड्या, टोकाची जोडी सगळ्यांत मोठी. शेंड्याचा कोंब काळसर डाळिंबी. त्याच्या खालचं पान उघडं लाल, त्याखालचं विटकरी, आणि जुन्या लाकडाजवळ यावं तर तांबूस रंगात पोपटी मिसळायला लागलेला. वीतभर डहाळीवर पंधरा दिवसांचा हिशेब मांडलेला आहे. पान चिमटीत धरलं तर गारसर आणि लुळं लागतं; दुमडलं तर मोडत नाही, नुसतं वाकतं. अजून त्यात ताठपणा भरलेलाच नाही.

ताठपणा नसणं हेच या रंगामागचं एक कारण असावं. पान वाढत असताना त्याला चिवट होता येत नाही, आणि चिवट नसलेलं पान अळ्या-किड्यांना सगळ्यांत आधी सापडतं. उष्ण प्रदेशातल्या जंगलात पानाच्या उभ्या आयुष्यातलं पुष्कळसं नुकसान या कोवळ्या दिवसांतच होऊन जातं. म्हणून पुष्कळ झाडं हरितद्रव्य आणि त्याच्यासोबतचा नत्राचा ऐवज पानात भरायची घाई करत नाहीत. आधी पान वाढू द्यायचं, जरड होऊ द्यायचं, मग आत माल भरायचा. थॉमस कुर्सार आणि फिलिस कोली या अभ्यासकांनी १९९२ मध्ये हा विचार नीट मांडला. हिरवं नसल्यामुळे उघडा दिसतो तो अँथोसायनिनचा लाल. तो कोवळ्या पेशींना चैत्रातल्या उन्हापासून आडोसा देतो असंही एक मत आहे. दोन्ही कारणं एकाच पानात सुखाने नांदू शकतात. शास्त्रज्ञ भांडतात ते कोणाचा वाटा मोठा यावर.

गाडीवानाला कोशिंब ठाऊक नाही असं समजू नका. त्याचं लाकूड इतकं कठीण की घाण्याला आणि गाडीच्या आसाला चालतं. फळं आंबट, पोरं खातात. बियांचं तेल निघतं. आणि कोशिंबावर पोसलेल्या किड्यांची लाख सगळ्या लाखांत उजवी मानतात. झाडाचा लाकूड, फळ, तेल, लाख असा सगळा वसूल झालेला आहे. राहिला तो फक्त रंग. ग्रॅहमसारख्यांची रीतही त्याला सोयीची नाही. वनस्पतिशास्त्रात झाडाची ओळख पटवायची ती फुलाफळांवरून. त्यात लाल पालवी कागदाच्या घडीत दाबून वाळवली की तपकिरी होऊन बसते. पुढे १९०१ ते १९०८ या काळात थिओडोर कुक मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ करील, तोही याच रीतीने. मग या लाल रंगाची नोंद कोणी ठेवायची? ज्याला तो विकायचा आहे त्याने.

असा माणूस बघायला साल मागे घ्या, १७१०. साताऱ्यात शाहू महाराजांना राज्याभिषेक होऊन दोन वर्षं झालीत. तुम्ही मात्र जपानातल्या एदो शहराच्या कडेला सोमेई नावाच्या गावात आहात, आणि चैत्र असूनही अंगावर शाल हवीशी वाटते. हे गाव माळ्यांचं. इथल्या इतो घराण्यातले कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या इहेइ हेच नाव लावतात आणि बागा राखता राखता पुस्तकंही काढतात. १६९२ मध्ये त्यांनी अझेलियांवर पुस्तक काढलं. यंदा जो ग्रंथ छापून आलाय त्यात मेपलच्याही कितीतरी जाती नोंदल्या आहेत.

रोपांच्या रांगेतून चाला. पान सगळ्यांचं हाताच्या पंजासारखं, झाड तेच. कार्ल थुनबर्ग नावाचा स्वीडिश वैद्य पुढे १७७५ मध्ये डच कंपनीच्या नोकरीत जपानला येईल आणि १७८४ मध्ये या झाडाला त्याचं शास्त्रीय नाव मिळेल. पण माळ्याला त्याची वाट बघायची गरज नाही. त्याला एकाच जातीत दहा वाण दिसतात, कारण तो कोंब फुटायच्या सुमारास रोपांपुढे बसून असतो. बी पेरलं की प्रत्येक रोप थोडं वेगळं निघतं. कोणाचा कोंब गुलाबीसर, कोणाचा केशरी, बहुतेकांचा साधा हिरवा. साध्यांचे खुंट करायचे, आणि जे एखादं डोळ्यांत भरेल त्याची काडी त्या खुंटांवर बांधायची. मग त्या वाणाचं प्रत्येक झाड म्हणजे ते पहिलंच झाड, नव्या मुळांवर उभं.

ही नजर तीनशे वर्षं टिकली. आज जपानी मेपल लावणारे लोक देशोजो आणि कात्सुरा शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यात डावं-उजवं करतात. देशोजोची वसंतातली पालवी लालभडक, उन्हाळ्यात हिरवी होणारी. कात्सुराची पिवळट नारिंगी, कडांना जरा गडद. उकिगुमोच्या पानावर पांढरे-गुलाबी शिंतोडे. शरदात पान झडतानाचा रंग जगाला माहीत आहे. वसंतातला कोंब ही जाणकारांची बाब. मला विचाराल तर भर चैत्रातल्या कोशिंबापुढे देशोजो काही फार मोठा तीर मारत नाही. फरक असलाच तर तो बसून बघणाऱ्या माणसाचा आहे.

आणि हे रोप काखोटीला मारून नवी मुंबईला आणायचा विचार मनात असेल तर सोडून द्या. त्याला थंडीची झोप लागते. खाडीच्या दमट हवेत जिथे डिसेंबरातही पंखा बंद होत नाही तिथे ते एखादं वर्ष तग धरेल, मग पानांच्या कडा करपून मरून जाईल. ऑनलाइन बाजारात निळ्या पानांच्या मेपलचं बी मिळतं, ते तर घेऊच नका. निळ्या पानांचा मेपल या पृथ्वीवर नाही.

आता १९७३. ठाणे खाडीवरचा वाशीचा पूल नुकताच वाहता झालाय. पलीकडे मुंबईला पर्याय म्हणून नवं शहर वसवायचं, हा चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांचा प्रस्ताव 'मार्ग' मासिकात १९६५ मध्ये छापून आला होता. ते वसवायला सिडको १७ मार्च १९७० ला स्थापन झाली. शहर मात्र अजून बरंचसं कागदावर आहे. पूल उतरलात की मिठागरं, खाजणं आणि आगरी-कोळ्यांची गावं. भाताची शेतं कापणी होऊन कोरडी पडलीत आणि गावाकडच्या बांधांवर आंबे उभे आहेत. रायवळ.

आंबा कोशिंबासारखा एका दमात पालवत नाही. ज्या फांद्यांना यंदा मोहोर आला नाही त्या पालवतात, बाकीच्या कैऱ्या सांभाळत जुन्या हिरव्या पानांनिशी उभ्या राहतात. तेव्हा झाडाचं एक अंग तांबूस आणि उरलेलं गर्द, असं दिसतं. पण एका झाडावरून दुसऱ्यावर नजर न्या. पहिल्याची पालवी दाट, जवळजवळ वांगी. पुढच्याची तपकिरी. तिसऱ्याची इतकी फिकी की लाल म्हणायला जीभ वळत नाही. रायवळ म्हणजे कोयीतून आलेलं झाड, त्यामुळे दोन झाडं एकसारखी निघायची नाहीत. फळात नाहीत तशी पालवीतही नाहीत. आंब्याच्या वाणांचं वर्णन करायची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे तीत कोवळ्या पानाचा रंग हे स्वतंत्र लक्षण म्हणून नोंदतात. सोमेईच्या माळ्याला हा बांध दिला असता तर तो पंधरा दिवस हलला नसता. आपण फळ चाखलं, गोड-आंबट ठरवलं आणि त्यावरून झाडाला नाव ठेवलं. भुकेच्या माणसाने दुसरं काय करावं, हेही आहेच.

कलमांच्या बागेत हे सगळं बदलतं. हापूसची शंभर कलमं म्हणजे एकच झाड शंभरदा. पालवी आली की साऱ्या बागेचा रंग एक. पण बागायतदाराला तिचा आनंद होईलच असं नाही. पाऊस लांबला आणि ऐन मोहोराच्या तोंडावर झाड पालवलं, तर त्या फांद्यांना मोहोर उशिरा येतो किंवा येतच नाही. शिवाय कोवळ्या पालवीवर तुडतुडे तुटून पडतात. बाहेरच्याने गाडी थांबवून फोटो काढावा असा तो तांबूस रंग बघून मालकाच्या पोटात गोळा येतो.

फक्त एका ठिकाणी कोकणातला माणूस पालवीचा रंग अगदी बारकाईने वाचतो, आणि तेवढ्यासाठी चैत्राचा नियम मोडून आषाढात वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एखाद्या रोपवाटिकेत उतरायला हरकत नाही. बाहेर पाऊस, आत छपराखाली चार जण मांडी घालून बसलेले. समोर ओल्या मातीत रुजवलेल्या कोयी. कोयीतून रोप वर आलंय, देठ लालसर, शेंड्याला तांबडी लुळी पानं. हा दहा-पंधरा दिवसांचा खुंट. रंग तांबडा आहे तोवरच रोप कामाचं. पान हिरवं पडायला लागलं की देठ निबर होतो आणि जोड नीट बसत नाही. कारागीर कोयीसकट रोप उचलतो, वरचा भाग छाटून टाकतो, देठाला मधोमध उभी चीर देतो. हापूसची काडी खालून पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतो आणि प्लास्टिकच्या पट्टीने करकचून बांधून पिशवीत लावतो. हे कोय कलम. बोलणं-चालणं चालू असताना हात थांबत नाहीत, आणि मधूनच एखादं रोप न बघितल्यासारखं करून बाजूला टाकलं जातं. का, म्हणून विचारलंत तर उत्तर मिळतं, 'हिरवा झाला.' वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ मध्ये 'रत्ना' दिला, तोही कलमांनीच बागांत पसरला. तांबड्या पानांची ही पारख त्याच्या कितीतरी झाडांच्या मुळाशी आहे. रंग दिसला, पण घड्याळ म्हणून.

आता आजच्या नवी मुंबईत या, चैत्रातच. नेरूळ, वाशी, बेलापूर, कुठल्याही सेक्टरात सकाळी सातला निघा.

पहिला भेटेल तो पिंपळ, बहुधा कुठल्यातरी भिंतीतून निघालेला. एक फांदी निष्पर्ण, शेजारची गुलाबी, तिसरी पोपटी. फांद्यांनी आपापसांत ठरवलेलं काही दिसत नाही. त्याचं कोवळं पान उन्हाच्या बाजूने बघू नका, खालून बघा. गुलाबी-तांबूस आणि इतकं पातळ की वरच्या पानाची सावली त्यातून दिसते. दहा पावलांवर दुसरा पिंपळ असला तर त्याचा रंग याच्याहून तपकिरीकडे झुकलेला असू शकतो. पक्ष्याने टाकलेल्या बियांची ही झाडं, इथेही सगळे रायवळच.

रस्त्याकडेचा करंज नुकता पानं झाडून मोकळा झालेला. त्याच्या कोंबावर लाली असते, पण ती चुटपुटती. दोन दिवस दुर्लक्ष केलंत की झाड चकचकीत पोपटी झालेलं असतं. पोपट्या रंगात मात्र करंजाला तोड नाही. जांभळाची पालवी तांबूस आणि जरा अंग चोरून असते. सोसायट्यांच्या कुंपणाला उभा केलेला उंच खोटा अशोक शेंड्याशेंड्याला तपकिरी मऊ पानं काढतो; त्याला आपण फार नावं ठेवतो, पण चैत्रातले हे पंधरा दिवस तरी त्याला सूट द्यावी. खरा सीताअशोक बागेत कुठे असलाच तर तो शोधून काढा. त्याची नवी पानं झुबक्याने खाली लोंबतात, पिळून दोरीवर टाकलेल्या ओढणीसारखी, रंग फिकट गुलाबी-तपकिरी, आणि कित्येक दिवस ती सरळ व्हायचं नावच घेत नाहीत. नागकेशर दिसला तर नशीब तुमचं. त्याची लाल पालवी सीताअशोकापेक्षा कडक रंगाची असते.

बदामाजवळ मात्र सावध राहा. देशी बदामाच्या झाडाखाली लालबुंद पान पडलेलं सापडेल, अगदी मेपलच्या तोंडात मारील असं. ते म्हातारं पान आहे. झडायच्या आधी झाड त्यातलं हरितद्रव्य मोडून कामाचा माल काढून घेतं आणि त्याच सुमारास पान लाल होतं. त्याच झाडाचं नवं पान बघा, हिरवटच निघतं. पिंपळ जन्मताना तांबडा, बदाम जाताना. एका रस्त्यावर दोन्ही उभे असतात आणि आपण दोघांनाही 'काय सुंदर रंग आहे' म्हणून मोकळे होतो.

गाडी असेल तर पनवेल ओलांडून थेट कर्नाळ्याला जा. १८३९ मध्ये जिथे बैल सोडले होते तिथून आता महामार्ग जातो. जंगल १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. २००३ मध्ये त्याची हद्द वाढवून सुमारे बारा चौरस किलोमीटर केली. लोक येतात ते पक्षी बघायला आणि किल्ला चढायला. कोशिंब आहेत. दुर्बीण लावलेल्यांपैकी एखादा त्या लाल रंगावरून नजर पुढे सरकवतो, त्यात काही हलत नाही म्हणून.

एक साधी गोष्ट आपल्याकडे झाड निवडणाऱ्यांच्या आड येते, ती म्हणजे पंचांग. आपण झाडं लावतो आषाढात. वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सोसायटीचं वृक्षारोपण त्याच सुमारास, रोपवाटिकेत गर्दी तेव्हाच. पावसाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण आषाढात सगळीच रोपं हिरवी. दहा पिंपळ ओळीने ठेवले तरी कोणाची पालवी गुलाबी आणि कोणाची मळकट, याबाबत तुम्ही आणि माळी सारखेच अंधारात. सोमेईचा माळी गिऱ्हाईकाला कोंब दाखवून विकायचा. आपण पिशवी आणि उंची बघून घेतो. पिंपळात, आंब्यात, कोशिंबात रंगाची निवड झाली नाही ती रंग नव्हता म्हणून नव्हे. बघायच्या महिन्यात कोणी गिऱ्हाईक म्हणून गेलंच नाही.

तेव्हा या चैत्रात सुतळीचं बंडल घेऊन रोपवाटिकेत जा. माळी म्हणेल, एवढ्या उन्हात झाड न्याल तर मरेल. न्यायचं नाही म्हणून सांगा. कोशिंबाची, जांभळाची, पिंपळाची जी रोपं असतील त्यांच्यापुढे उकिडवे बसा, शेंडे एकमेकांशेजारी धरून बघा आणि ज्याचा कोंब मनात भरेल त्याच्या देठाला सुतळीचा सैल वेढा बांधा. घट्ट बांधलात तर पावसाळ्यापर्यंत देठात रुतेल. आगाऊ पैसे देऊन ठेवले तर माळी ते रोप दुसऱ्याला विकणार नाही, निदान तशी शक्यता कमी. आंब्याचं कोयीचं रोप मिळालं तर तेही घ्या, फळ कसं लागेल याची चौकशी न करता. आषाढात परत गेलात की सगळं हिरवं असेल आणि माळी विचारेल, यातलं कुठलं देऊ, सगळी सारखीच आहेत. त्याला सुतळीवालं दाखवा.